बाराव्या दिवशी दिलेला कॅमेरा

॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर
माघ शुद्ध द्वितीया, ३१ जानेवारी २०२५

चि. मनस्विनी,

आशीर्वाद पाठवतो आहे. सहा वर्षे पाठवले नाहीत, म्हणून ते संपले असे समजू नये. ब्रेमेनचा हा पत्ता तुझ्या मामाकडून मिळवला. त्याने तो देताना दोनदा विचारले, "भांडायला लिहिणार नाही ना?" मी नाही म्हटले आहे.

पत्राचे कारण एक शास्त्रीय अडचण हे आहे; दुसरे काही नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. मागील महिन्यात दानविषयक प्रकरण पुन्हा वाचावयास घेतले. जी वस्तू आपल्या मालकीची नाही, तिचे दान होत नाही. केले तरी ते न केल्यासारखेच, असा तेथील निर्णय आहे. पूर्वी तो मी विद्यार्थ्यांना कितीदा शिकवला. या वेळी मात्र वाचताना पुढे सरकता आले नाही.

तुझ्या आईच्या बाराव्या दिवशी आपण शय्यादान केले. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर उणे पडू नये म्हणून त्याच्या नित्याच्या वस्तू ब्राह्मणास द्यायच्या, तशा गादी, उशी, छत्री, पायताणे, तांब्या-भांडे अशा वस्तू पैठणच्या शिवशंकर गुरुजींना दिल्या. त्यांतच तो कॅमेरा दिला गेला. मामाने तो सन दोन हजारमध्ये अमेरिकेहून तुझ्या आईच्या नावे पाठवला होता, हे खरे. पण तिने, म्हणजे दमयंतीने, तो तुला महाविद्यालयात जाताना देऊन टाकला होता, हेही खरे. म्हणजे वस्तू तुझी आणि उदक सोडले मी. असे असेल तर तुझ्या आईचे ते दान सदोष राहिले.

दिलेले दान परत मागणे हा दत्तापहार होय आणि ते पातक मी करणार नाही. म्हणून गुरुजींकडे जाण्याचा प्रश्नच नाही. तशाच जातीचा दुसरा कॅमेरा मिळवून तो तुला द्यावा, एवढाच मार्ग दिसतो. त्या दिवशी तुळशीपत्र ठेवताना झाकण उघडले गेले, त्याविषयी तुझ्या मनात जे असेल ते असो.

संकल्पात प्रत्येक वस्तूचे नाव घ्यावे लागते, म्हणून नावे वहीत लिहिली होती. त्यात आहे: 'कॅनन ईओएस रिबेल २०००'. एवढे स्पष्ट नाव हाती असताना वस्तू शोधणे सोपे असावे, असे मला वाटले होते.

लीलाबाई अजून स्वयंपाकाला येतात. रोज सकाळच्या एसटीने फुलंब्रीहून. त्यांच्या मोबाईलवर जुन्या वस्तूंचा बाजार आहे. त्यांनी त्यावरून शिलाई यंत्र घेतले. मी त्यांना नाव लिहून दिले.

"काका, ह्या नावाचं काहीच नाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या वहीत चुकलं आसंल."

"माझ्या वहीत चुकत नाही."

"मग जगाचं चुकलं. भाजी कोणती करू?"

आपल्या शहराचीही दोन नावे टाकून पाहावी लागतात, कारण विकणारे लोक कोणी जुने लिहितात, कोणी नवे. दोन्ही टाकून पाहिली. जे दिसले ते सारे ईओएस ३०० या नावाचे होते. रूप तेच वाटते, रंगही चंदेरी. नाव मात्र वेगळे. रूप सारखे म्हणून वस्तू एक मानावी की नाव निराळे म्हणून वस्तू दोन मानाव्यात, याचा निर्णय होत नाही. तुला या विद्येतले कळते. एका ओळीचे उत्तर पुरे.

अण्णा

॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर
माघ वद्य पंचमी, १७ फेब्रुवारी २०२५

चि. मनस्विनी,

उत्तर आले नाही. टपालास उशीर होत असावा, असे मी धरून चालतो.

शोधाचा वृत्तान्त कळवतो. सिडकोत मोनाली नावाच्या एका गृहिणीकडे 'रिबेल' असल्याचे लीलाबाईंना मोबाईलवर दिसले. नाव जुळले म्हणून मी इतका हरखलो की जेवण अर्धवट टाकून रिक्षा केली. त्या बाईने कॅमेरा हाती दिला. मी मागील बाजू पाहिली, तळ पाहिला. झाकणच सापडेना.

"यात रीळ कुठून घालायचे?" मी विचारले.

"रीळ?" ती म्हणाली. "काका, हा डिजिटल आहे. कार्ड घालायचं."

"पण हा रिबेल आहे ना?"

"रिबेलच आहे. माझ्या दिरांनी अमेरिकेतून आणला."

म्हणजे तेथे तेच नाव पुढच्या पिढीलाही लावलेले आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवावे, तसे. नाव जुळले तेथे वस्तू निघाली नाही. वस्तू दिसते तेथे नाव जुळत नाही. परतताना लीलाबाई रिक्षात हसत होत्या. "रिक्षानं गावभर फिरून आलो अन् हातात काय, मोनालीबाईचा चहा," असे रिक्षावाल्यालाही सांगून झाले.

पुढे जपानचे विक्रेते पाहिले. हे कॅमेरे मूळचे तिकडचे; तेथील लोक वस्तू जपून वापरतात आणि दूरदेशीही पाठवतात, असे कळले. तेथे त्याच रूपाच्या कॅमेऱ्याचे तिसरेच नाव आहे. ते मी वाचले आणि मोबाईल बाजूला ठेवला. लीलाबाईंनी तो उचलून मोठ्याने वाचले.

"किस तीन. काका, किस म्हंजी पापा की हो!"

"मला ठाऊक आहे."

"सोवळ्यात काय बघत बसलाय तुम्ही!"

हसू नको. मी खरोखर गोंधळलो आहे. अमेरिकेत या यंत्राचे नाव बंडखोर असा अर्थ देणारे, जपानात लाडाचे, तू राहतेस त्या युरोपात आणि आपल्याकडे नुसता एक अंक. देवाला पुष्कळ नावे असतात, हे मी जन्मभर सहजपणे सांगत आलो. भक्ताची हाक पोहोचते, नाव कोणतेही असो, असेही सांगत आलो. परंतु देव सर्वज्ञ असतो म्हणून त्याला हाक कळते. येथे मला स्वतःला ओळखायचे आहे आणि मी सर्वज्ञ नाही.

लीलाबाईंनी पैठणचा एक कॅमेराही दाखवला. 'ईओएस ३००, जुना, चालतो की नाही माहीत नाही', एवढेच लिहिलेले आणि छायाचित्र फक्त मागील बाजूचे. नाव जुळत नाही म्हणून मी तो सोडून दिला.

"बघून तरी येऊ की," त्या म्हणाल्या.

"पैठणला मला जायचे नाही."

"का, गंगेला पाणी नाय का?"

कारण मी त्यांना सांगितले नाही. तुला पहिल्या पत्रात लिहिले आहे. गुरुजी समोर आले तर दिलेल्या वस्तूकडे माझी नजर जाईल आणि मन मागेल. मनाने मागितले तरी ते मागणेच.

एक गोष्ट सांगायची राहिली. घरात तुझ्या आईचे शेवटच्या दहा वर्षांतले एकही छायाचित्र नाही. आधार कार्डावर आहे. त्यात ती कोणा परक्या बाईसारखी दिसते. पितृपक्षात तसबीर पुसतो ती आमच्या लग्नातली, एकोणीस वर्षांच्या मुलीची. हिच्याशी मी काय बोलणार?

अण्णा

॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर
फाल्गुन शुद्ध एकादशी, १० मार्च २०२५

चि. मनस्विनी,

तुझे उत्तर मिळाले. टपालाने नव्हे, लीलाबाईंच्या मोबाईलवर. काल सकाळी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "काका, ताईंचा निरोप हाय. वाचू का नको?"

"कोणत्या ताईंचा?"

"तुम्हाला किती लेकी हायत?"

मग कळले की तू त्यांना दर रविवारी फोन करतेस आणि हे सहा वर्षे चालू आहे. माझे गुडघे, माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मी मिठाला चोरून हात घालतो ते, सगळे तुला ठाऊक आहे. मला राग यावयास हवा होता. मी फक्त विचारले, "मला का सांगितले नाही?" त्या म्हणाल्या, "ताईंनी नको म्हनलं व्हतं. अन् तुम्ही कधी इचारलं का?"

निरोप त्यांनी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा मी सांगितले म्हणून. तू लिहिलेस: 'अण्णांना म्हणावं, शोधू नका. मला कॅमेरा कधीच नको होता. त्यात आई होती. ती त्यांनी माझ्यासमोर उजेडात धरली.'

तुझे म्हणणे खरे आहे. पहिल्या पत्रात मी लिहिले की तुळशीपत्र ठेवताना झाकण 'उघडले गेले'. ते आपोआप उघडत नाही. बाजूची कळ खाली ओढावी लागते. ती मी ओढली. आत रीळ आहे हे मला ठाऊक होते, कारण तू सकाळीच हात जोडून सांगितले होतेस, "अण्णा, द्यायचाच तर द्या, पण त्यात आईचे फोटो आहेत, तेवढे मला काढून घेऊ द्या." तुळशीपत्र वस्तूवर ठेवतात. आत ठेवण्याची रीत नाही. गादीचे पोट फाडून मी तुळस ठेवली नव्हती. चार माणसे बसलेली असताना मी ते झाकण उघडले, पान आत ठेवले आणि बंद केले. तू उठून गेलीस.

उजेड लागला की रीळ जळते, हे मी जाणत होतो. दुखणाइताची व मृताची छायाचित्रे काढू नयेत, हा दंडक तू मोडला होतास, म्हणून मला राग होता. एवढे आज लिहितो.

आता पुढचे लिहितो. नीट लक्ष देऊन वाच.

निरोप ऐकून मी बसून राहिलो, ते लीलाबाईंना बघवले नसावे. आज त्या आपल्या धाकट्या भावाला घेऊन आल्या. त्याचे नाव मल्हारी. घराणे मेंढपाळांचे, फुलंब्रीत त्याचा तीस वर्षे फोटो स्टुडिओ होता, आता बंद करून शेळ्या आणि शेती पाहतो. माझ्यासमोर खुर्चीवर बसेना, उंबऱ्याशीच टेकला.

"कोणतं मॉडेल म्हनता?" त्याने विचारले. मी वही दाखवली.

"रिबेल मला नाय माहीत. मी लग्नाला तीनशे वापरायचो. कॅननचाच. चंदेरी. त्याचं रीळ उलटं चालतंय."

"उलटे म्हणजे?"

"बाकीच्या कॅमेऱ्यात कसं, फोटू काढला की रीळ डबीतून भाईर येतंय. मग मधीच झाकण उघडलं की सगळं भाजलं. ह्यो तीनशे लई हुशार. रीळ घातलं की आधी सगळं भाईर वढून घेतो, अन् एक एक फोटू काढंल तसं तेवढं परत डबीत सारतो. झाकण उघडलं तर कोरं भाजतंय. काढलेलं डबीत ऱ्हातंय, अंधारात."

मी त्याला ते तीन वेळा सांगायला लावले. तिसऱ्या वेळी त्याने बहिणीकडे पाहिले. लीलाबाई म्हणाल्या, "मल्हारी, दमानं सांग. काका शिकलेले हायत, येळ लागतो."

मनस्विनी, तुला समजले का? कॅमेरा तीनशे असेल, तर तुझी आई जळालेली नाही. पण आपला तो रिबेल. आणि तो तीनशेच आहे की दुसरा कोणी, हे या घरात कोणालाही माहीत नाही.

मल्हारी म्हणतो, "एकच पोरगं काका, मामाच्या गावाला एक नाव अन् शाळंत एक." मी म्हटले, "पुरावा?" तो म्हणाला, "पुरावा कोर्टात लागतो. हितं डोळं लागत्यात." त्याचे हे उत्तर मला पुरत नाही. ते पुरेसे ठरावे असे फार वाटते आणि म्हणूनच ते स्वीकारायला भय वाटते.

अण्णा

॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर
फाल्गुन वद्य पंचमी, रंगपंचमी, १९ मार्च २०२५

चि. मनस्विनी,

बाहेर मुले रंग खेळत आहेत. मी दारे लावून बसलो आहे. आज लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

दोन्ही नावांच्या कॅमेऱ्यांची जुनी माहितीपुस्तके मोबाईलवर मिळतात, असे मल्हारीने सांगितले होते. लीलाबाईंनी ती शोधली आणि मी औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर घेतली. मग जे काम मी चाळीस वर्षे पोथ्यांवर केले, तेच त्यांच्यावर केले. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती हाती आल्या, तर पान पानाशी लावतात, शब्द शब्दाशी ताडतात, आणि जेथे फरक पडेल तेथे पाठभेद नोंदवतात. चार दिवस लागले. इंग्रजी माझे कच्चे आहे. भिंग घेऊन बसलो. कळ कोठे आहे, खिडकी कोठे आहे, सेल किती, आकृत्या किती, सारे ताडले. मुखपृष्ठावरील नाव, कंपनीचे पत्ते आणि काही किरकोळ मजकूर एवढेच पाठभेद निघाले. रिळाचे कलम दोहोंत आहे आणि दोहोंत ते एकच आहे: काढलेली चित्रे डबीत परत जातात.

माझा निर्णय असा की मूळ एक आहे. हा निर्णय मी आनंदाने दिला आणि देताच घाबरलो. कारण मूळ एक असेल, तर पैठणचा तो 'तीनशे' कोणाचा?

लीलाबाईंना छायाचित्र पुन्हा उघडायला सांगितले. कॅमेऱ्यामागे एक काळी छत्री भिंतीला टेकवलेली होती. लाकडी मुठीची. तसली छत्री मी गुलमंडीत स्वतः पारखून घेतली होती, बाराव्यासाठी. महिनाभर ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी नाव वाचत बसलो होतो.

मला पैठणला जायचे नव्हते. परवा गेलो. लीलाबाई सोबत आल्या. "तुम्ही एकलं गेलं की वाटंतच शास्तर काढून परत याल," असे म्हणाल्या.

शिवशंकर गुरुजी थकले आहेत. मी कॅमेऱ्याचा शब्दही काढला नाही. कुशल विचारले, उन्हाळ्याविषयी बोललो, जायकवाडीच्या पाण्याविषयी बोललो. शेवटी त्यांच्या पत्नी योगिनीवहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊजी, कॅमेऱ्यासाठी आलात ना? या बाईंनी फोनवर सांगितलंय."

मी लीलाबाईंकडे पाहिले. त्या छताकडे पाहत होत्या.

वहिनींनी माळ्यावरून पेटी काढली. "शय्यादानातलं मी घरात वापरू देत नाही," त्या म्हणाल्या. "छत्रीसुद्धा नाही. हे मला हसतात. विकायला काढला तर कोणी फिरकेना. इथल्या फोटोवाल्याला दाखवला, तर तो म्हणाला, पुढचं नाव बघून लोक बिचकतील, आपल्याकडे याला तीनशे म्हणतात, तेच लिहा. तेच लिहिलं."

पेटीत जुन्या धोतरात गुंडाळलेला होता. समोर नाव होते: रिबेल २०००. मी हात मागे घेतले.

"घ्या की," गुरुजी म्हणाले.

"घेता येत नाही. मी दिलेला आहे."

"तुमचा होता का?"

"नव्हता."

"मग तुम्ही दिलाच नाही, सदाशिवराव. आणि मला मिळालाही नाही. सहा वर्षं नुसता माझ्या माळ्यावर राहिला, भाडं न देता." ते हसले. "मी तुम्हाला परत देत नाही. मनस्विनीताईची वस्तू मनस्विनीताईकडे जातेय. तुम्ही फक्त पोस्टमन. पोस्टमनला कसलं पाप?"

पन्नास वर्षे मी शास्त्र शिकवले. हे मला सुचले नव्हते. तुझ्या आईचे दान अपुरे राहू नये म्हणून मी माझे मनगटी घड्याळ काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि उदक सोडले. त्यावर माझ्याखेरीज कोणाचाही हक्क नव्हता. वहिनी लगेच म्हणाल्या, "हे मात्र मी वापरू देईन."

परतीच्या एसटीत कॅमेरा लीलाबाईंच्या मांडीवर होता. मी मागितला, तर त्यांनी दिला नाही. "तुमच्या हातात नको," म्हणाल्या.

अण्णा

॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर
चैत्र शुद्ध चतुर्दशी, ११ एप्रिल २०२५

चि. मनस्विनी,

लीलाबाईंनी तुला सर्व कळवलेच असेल. तरी माझ्या हातचे असावे म्हणून लिहितो.

परवा मल्हारीने नवे सेल आणून घातले. खिडक्यांवर चादरी लावल्या, तरी तो म्हणाला, "कशाला काका? झाकण मी उघडतच नाय." त्याने खालची एक बारीक कळ पेनच्या टोकाने दाबली. कॅमेरा घरघरला. फार वेळ नव्हे. एक छोटा श्लोक म्हणून होईल एवढाच. मग थांबला. मल्हारी म्हणाला, "गेलं सगळं डबीत." त्यानंतर झाकण उघडून त्याने डबी काढली आणि लीलाबाईंच्या हातात दिली. मी सांगितले होते, माझ्या हाती देऊ नको म्हणून.

डबी त्यांच्या घरी, फुलंब्रीत, धान्याच्या कोठीजवळच्या कपाटात आहे. माझा माझ्यावर भरवसा नाही, हे मी त्यांना सांगितले आहे. ती तिकडे पाठवावी, पुण्याच्या प्रयोगशाळेत धुवून घ्यावी, की तू येईपर्यंत तशीच ठेवावी, हे तू ठरव आणि त्यांनाच कळव.

मल्हारीने एक शंका सांगितली आहे. जुने रीळ आहे; रंग उडाले असतील. ते चालेल. दुसरे असे की अगदी शेवटी काढलेले चित्र डबीच्या तोंडाशी असते. "त्यो एखादा भाजला आसंल, काका. बाकीचे ऱ्हातील."

हे ऐकून मला काय वाटले, ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. मला आधी सुटल्यासारखे वाटले. मग त्याची लाज वाटली. आणि गेले दोन दिवस मी कोणत्या भावनेत आहे, हे मला नीट सांगता येत नाही.

फाल्गुन एकादशीच्या पत्रात मी लिहिले की मृताचे छायाचित्र काढू नये हा दंडक आहे आणि तो तू मोडलास म्हणून मला राग होता. असा दंडक मी कोठेही वाचलेला नाही. तुझी आई गेली त्या दिवशी लोकांसमोर सांगण्यासाठी तो मी केला. बारा दिवस सर्वांना सांगितला. सांगता सांगता मलाही तो खरा वाटू लागला.

शेवटचे चित्र कोणते, ते आपण दोघेच जाणतो. आणि तुला वाटते की मी जाणत नाही. कारण मी मान वर केली नव्हती. पण कॅमेऱ्याचा आवाज मला ऐकू आला होता.

एकोणपन्नास वर्षे प्रत्येक सणाला तुझ्या आईने मला वाकून नमस्कार केला. दुखण्यात वाकता येईना, तेव्हा बसून केला. बसवेना, तेव्हा पडल्या पडल्या हात जोडले. मी आशीर्वाद दिले. तेच योग्य, असे मला शिकवले होते आणि तेच मी शिकवले. त्या पहाटे ती गेली आणि माणसे अजून यायची होती, तेव्हा तू मामाला फोन लावायला बाहेर गेली होतीस, असे मी समजलो. दार अर्धे लोटलेले होते.

ते चित्र जळाले असेल तर तुझ्या हाती कोरी जागा येईल. म्हणून त्यात काय होते ते येथे लिहितो. खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर एक म्हातारा गुडघ्यांवर बसलेला आहे. त्याचे जानवे पाठीवर वळलेले आहे. खाटेवरच्या बाईचे पाय उघडे आहेत, डाव्या पायातले जोडवे सुजेमुळे कापून काढलेले, उजव्यातले तसेच. म्हाताऱ्याने कपाळ त्या पायांवर ठेवले आहे आणि दोन्ही हातांनी ते धरले आहेत. तो नमस्कार करतो आहे. नवरा बायकोला करतो आहे. त्याचा चेहरा दिसत नाही. पण तो मी आहे.

हे कोणी पाहू नये म्हणून मी तुझी सगळी आई उजेडात धरली. तुळशीपत्र नव्हे, राग नव्हे, शास्त्र नव्हे. एवढेच होते.

चित्र आले नाही, तर हा कागद त्याच्या जागी ठेव. आले, तर मोठे करून आण. समोरच्या खोलीत, लग्नातल्या तसबिरीशेजारी, मल्हारीकडून मी खिळा ठोकून घेतला आहे.

अण्णा